घरच्या पैशाचा सल्लागार : त्याची मजुरी कोण देतो?

मालेगावचा यंत्रमागवाला असो की भेंडीबाजारातला दुकानदार, मालाचा भाव आणि कोणाकडे किती उधारी अडकली आहे हे त्याला तोंडपाठ असते. पण घरखर्चाला महिन्याला किती लागतात, असे विचारले की तो गप्प होतो. कारण गल्ला एकच. मुलीचे लग्न आले की भांडवल मोडते आणि धंदा बसला की घरची चूल मंदावते.

कौटुंबिक आर्थिक सल्लागाराचे काम इथूनच सुरू होते. चांगला सल्लागार पहिल्या बैठकीत कोणतीही योजना विकत नाही. तो विचारतो : दुकानातून घरासाठी ठरलेली रक्कम काढता का? सहा महिने धंदा बंद राहिला तर घर कसे चालेल? कर्ज किती? मुलांचे शिक्षण, हज, म्हातारपण यांसाठी काय बाजूला ठेवले आहे? बँकेच्या खात्यावर नॉमिनी कोण? नॉमिनी म्हणजे मालक, असा आपल्याकडे सर्रास गैरसमज आहे. कंपनीच्या शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले की, नामनिर्देशनामुळे वारसांचा हक्क जात नाही. भावाभावांतली किती भांडणे या एका गोष्टीने टळतील!

व्याज टाळणाऱ्या कुटुंबाला सल्लागाराने मुदत ठेवीचाच आग्रह धरू नये. दारूच्या, व्याजी बँकांच्या आणि अतिकर्जबाजारी कंपन्या वगळणारे शेअर निर्देशांक व म्युच्युअल फंड भारतात आहेत. मात्र बाजाराची चढउतार त्यांनाही चुकत नाही, हेही त्याने सांगितले पाहिजे.

आता मुख्य प्रश्न. स्वतःला सल्लागार म्हणवणारे अनेकजण वास्तविक विमा एजंट किंवा फंडाचे वितरक असतात. त्यांना कमिशन कंपनी देते. तो धंदा गैर नाही, पण तो सल्ला नव्हे. सेबीने 2013 साली गुंतवणूक सल्लागारांसाठी नियम लागू केले. नोंदणीसाठी शिक्षणाची अट आहे आणि एनआयएसएम या संस्थेची परीक्षा द्यावी लागते. ही संस्था आपल्याच रायगड जिल्ह्यात, पाताळगंगा येथे आहे. नोंदणीकृत सल्लागार आपली फी ग्राहकाकडून घेतो. एकाच कुटुंबाला सल्लाही द्यायचा आणि कमिशनवर फंडही विकायचा, हे त्याला चालत नाही. फी रोखीने घेण्यासही मनाई आहे. त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

हे सारे आम्ही का सांगतो? बंगळुरूच्या आय मॉनेटरी ॲडव्हायझरी, म्हणजे आयएमए, या कंपनीच्या नावातच ‘सल्ला’ होता. ‘हलाल नफा’ म्हणून हजारो कुटुंबांनी दागिने विकून तिथे पैसे ठेवले. जून 2019 मध्ये ती बुडाली. दाढी, ओळख आणि गोड बोलणे पाहिले गेले. नोंदणी आणि हिशेब मात्र फार थोड्यांनी विचारला.

व्यापारी बंधूंनो, सूत घेताना आपण धागा ओढून पाहतो. सल्लागारालाही तीन प्रश्न विचारा : नोंदणी क्रमांक काय? तुमची मजुरी कोण देतो? नुकसान झाले तर किती होऊ शकते? तिसऱ्या प्रश्नाला ‘नुकसान होणारच नाही’ असे उत्तर मिळाले, तर चहा संपवा आणि उठा.