उन्हाळा, घाम आणि घोडा

उन्हाळ्यात जनावरांची काळजी म्हटलं की गाई-म्हशींची चर्चा आधी होते, कारण दूध कमी झालेलं लगेच मापात दिसतं. घोड्याचं तसं नाही. त्रास होत असतानाही तो चालत राहतो आणि मालकाच्या लक्षात येईपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. म्हणून आज आपण घोड्याविषयी बोलू आणि उदाहरणादाखल माथेरान समोर ठेवू.

माथेरान समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंचावर आहे. मोटारींना वर मज्जाव असल्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे माणसं आणि सामान नेण्यात घोड्यांचा मोठा वाटा असतो. मुलांच्या परीक्षा संपल्या की गर्दी सुरू होते. म्हणजे अश्वपालाच्या कमाईचे दिवस आणि घोड्याचे सर्वांत कठीण दिवस एकच. अशा वेळी ‘घोड्याला विश्रांती द्या’ एवढं सांगून आम्ही पशुवैद्य मंडळी मोकळी होऊ शकत नाही. घोडा ठाणावर उभा राहिला तर घरचं कसं चालायचं, हा प्रश्न खराच आहे. मग काम करणाऱ्या घोड्याला उन्हाळ्यात सांभाळायचं कसं?

आधी उष्णता येते कुठून ते बघू. घोड्याचे स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम चौथा हिस्सा हालचालीच्या कामी येतो. बाकीच्याची उष्णता होते. त्यात घोड्याचं शरीर मोठं. मोठं पातेलं वाटीपेक्षा उशिरा निवतं ना, तसंच. वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ कमी, त्यामुळे आतली उष्णता बाहेर टाकायला जागा कमी पडते. ही अडचण निसर्गाने घामाने सोडवली आहे. कडक मेहनतीत मोठा घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो.

पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम थेंबाथेंबाने जमिनीवर पडला तर जवळजवळ वाया गेला. कोकणपट्टीत आणि तिच्या लगतच्या डोंगरांवर मे महिन्यात नेमकं हेच होतं. हवेत दमटपणा इतका की घोडा न्हाऊन निघतो, पण निवत नाही. उलट विदर्भात हवा कोरडी असते. घाम आला तसा उडून जातो, घोडा कोरडा दिसतो आणि मालकाला वाटतं, ‘याला घामच आला नाही.’ अंगावर मिठाचे पांढरे पट्टे दिसले की समजावं, पाणी भरपूर गेलं आहे.

घोडेवाल्यांमध्ये एक ठोकताळा सांगितला जातो. फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करायची. १३० च्या आत असेल तर ठीक, १५० च्या वर सावधगिरी, १८० च्या वर काम बंद. समजा ३४ अंश सेल्सिअस, म्हणजे ९३ फॅरनहाइट, आणि आर्द्रता ७० टक्के. बेरीज १६३. सावधगिरी हवीच. आता नागपूरचं ४४ अंश घ्या. ते झालं १११ आणि आर्द्रता १५ टक्के धरली, तर बेरीज १२६. ठोकताळा म्हणेल, खुशाल काम करा! इथे त्याच्यावर विसंबू नये. हवा कातडीपेक्षा गरम झाली की उष्णता बाहेरून आत येऊ लागते. कोरड्या प्रदेशात साधा नियम बरा: सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा काम, दुपारी सावली.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ‘तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकू नये, अंग आखडतं’ आणि ‘कामावरून आल्यावर लगेच पाणी पाजू नये, पोटशूळ होतो’, या दोन समजुती पिढ्यानपिढ्या चालत आल्या आहेत. त्यामागे घोड्याविषयीची काळजीच आहे, पण आज त्या घोड्याच्या जिवावर उठू शकतात. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी दमट उन्हाळ्यात घोडे कसे टिकतील, यावर बरंच संशोधन झालं. तापलेल्या घोड्यांवर अगदी थंड पाणी ओतलं गेलं. स्नायू आखडले नाहीत, घोडे लवकर निवले.

हिशेब साधा आहे. टाकीतलं २५ अंशाचं पाणी अंगावरून ३५ अंशाचं होऊन ओघळलं, तर दर लिटरमागे १० किलोकॅलरी उष्णता घेऊन गेलं. ३०० किलोच्या घोड्याचं तापमान एक अंशाने उतरवायला साधारण २५० किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे कागदावर २५ लिटर, प्रत्यक्षात थोडं जास्तच. माथ्यावर उन्हाळ्यात पाणी मोजून वापरावं लागतं हे आम्हाला माहीत आहे. तरीही दोन-तीन बादल्या ही घोड्याच्या जिवाची फार मोठी किंमत नाही.

खोगीर उतरवा, सावलीत आणि वाऱ्याच्या तोंडी उभं करा. मान, छाती, पाठ, मांड्या अशा मोठ्या भागांवर पाणी ओतत राहा. नाकाकानात जाऊ देऊ नका. ओलं पोतं अंगावर टाकून ठेवू नका. ते काही मिनिटांत गरम होतं आणि उष्णता आतच कोंडतं.

पिण्याच्या पाण्याचंही तेच. कामावरून आलेला घोडा तहानलेला असेल तर त्याला पिऊ द्या. उन्हाळ्यात काम करणाऱ्या घोड्याला दिवसाला ४०-५० लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी लागू शकतं. मात्र एक गंमत आहे. घोड्याच्या घामात क्षार फार असतात. पाण्याबरोबर मीठही गेल्यामुळे मेंदूला तहानेचा निरोप नीट पोचत नाही. अंगातलं पाणी आटलेला घोडाही बादलीकडे तोंड फिरवतो. म्हणून चंदीत रोज साधं मीठ घाला, मध्यम घोड्याला दोन मोठे चमचे. मीठ दिलं की पाणी समोर हवंच. चंदी भिजवून द्या, हिरवी वैरण असेल तर उत्तम. पाण्याअभावी आतड्यात सुकी वैरण अडकते. पोटशूळाचं उन्हाळ्यातलं खरं कारण बहुतेक वेळा हे असतं.

धोका ओळखायचा कसा? निरोगी घोड्याचं विश्रांतीतलं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश, श्वास मिनिटाला ८ ते १६. काम थांबवून अर्धा तास झाला तरी नाकपुड्या फुगलेल्या, नाडी ६० च्या वर, तर त्या दिवशी पुढची फेरी नाही. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली नाही तर पाणी कमी पडलं आहे. तापमान ४० च्या वर असेल तर पाणी ओतायला सुरुवात करा. ४१ म्हणजे जिवाचा धोका. पाणी ओतत राहा आणि डॉक्टरांना बोलवा. सर्वांत वाईट लक्षण म्हणजे कडक उन्हात घाम गाळणाऱ्या घोड्याचा घाम अचानक थांबणं. तो निवलेला नसतो, त्याच्या शरीराने हात टेकलेले असतात.

श्रोत्यांमधून एक प्रश्न आला आहे: ‘आम्ही पर्यटक म्हणून काय करू शकतो?’ पुष्कळ. भर दुपारची फेरी मागू नका. वजनदार माणसाने चालत जावं. घोड्याला पाणी पाजायला अश्वपाल थांबला तर घड्याळ दाखवू नका. त्या पाच-दहा मिनिटांचे पैसे कापले गेले नाहीत, तर घोड्याला पाणी मिळत राहील.