ट्रेनी ‘लागला’, मग पीएच.डी.वाली ‘अजून शिकतेय’ कशी?

तारापूरच्या अणुवीज केंद्रात स्टायपेंडरी ट्रेनीची भरती निघाली की बोईसरपासून चिंचणीपर्यंत घरोघरी फॉर्म भरले जातात. निवड झालेल्या मुलाला ‘अजून शिकतोय’ असं कुणी म्हणत नाही, तो ‘लागला’. त्याच गल्लीतल्या कंप्युटर इंजिनीअर मुलीनं पीएच.डी.चं नाव काढलं, की तेच काका म्हणतात, “आणखी पाच वर्षं? खर्च कोण करणार? बाप एमआयडीसीत रात्रपाळ्या करतोय.”

खर्च! हा शब्द ऐकून ऐकून मला आता आकडेच पाठ झालेत. जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळवलेल्या संशोधकाला जानेवारी 2023पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये मिळतात. पाच वर्षांचे झाले 24 लाख. प्रधानमंत्री रिसर्च फेलोशिपची तर सुरुवातच 70,000पासून. उलट मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत नवख्याला कित्येक वर्षं वर्षाकाठी साडेतीन लाखांच्या आसपासच मिळत आले आहेत, म्हणजे महिना जेमतेम 29,000. त्यातून ऐरोलीचं घरभाडं वजा करा.

काकांचा समज कुठून आला तेही ठाऊक आहे. फी घ्यायची आणि फेलोशिपचा रुपयाही द्यायचा नाही, अशा तऱ्हेनं नावनोंदणी करणारी विद्यापीठं आहेत. तिथे काका बरोबर आहेत.

आणि पीएच.डी. फायद्याचा सौदा आहे, असंही मी म्हणत नाही. नोकरीतला पगार चढतो, फेलोशिप जवळपास तिथेच राहते. प्रॉडक्ट कंपनीची नोकरी हातात असेल तर ती सोडणं चांगलंच महागात पडतं. फेलोशिप रखडतेही, त्यासाठी विद्यार्थी रस्त्यावर उतरलेत. घरावर कर्जाचा हप्ता असेल तर खुशाल आधी नोकरी धरावी. पण हिशेब बुडणाऱ्या पगाराचा करा, फीचा नको.

बाकीचे समज किरकोळ. आधी एम.टेक. लागतंच असं नाही; आयआयटीत चांगल्या बी.टेक., बी.ई.वाल्यांना थेट वाट आहे आणि यूजीसीच्या 2022च्या नियमांतही चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी असली तर चालते. पीएच.डी. म्हणजे प्राध्यापकीच? टीसीएसचं पुण्यातलं संशोधन केंद्र 1981पासून आहे, बंगळूरचं मायक्रोसॉफ्ट रिसर्च 2005पासून. नोकरी धरली की दार बंद? नोकरी सांभाळून पीएच.डी. करण्याची सोय पवईच्या आयआयटीतच आहे. “गूगलवाल्यांनी कुठे पूर्ण केली?” नाही केली, पण गूगल निघालं ते स्टॅनफर्डमधल्या त्यांच्या पीएच.डी.च्या कामातूनच.

यूजीसीच्या नियमात कमाल मुदत सहा वर्षं, मुदतवाढ वेगळी. प्रत्यक्षात बरंचसं गाइडवर असतं. त्यामुळे प्रवेशाआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून दोनच गोष्टी विचारा: किती वर्षं लागली, आणि आता कुठे असता?