तेरावं उरकलं म्हणजे दुःख उरकलं?

शहापूर-मुरबाडच्या गावांत माणूस गेला की घर एकटं पडत नाही. सांगावे जातात, भावकी जमते, शेजारच्या घरांतून भाताचे टोप येतात. दहाव्याला नदीकाठी दशक्रिया, सोबत प्रवचन. मग तेराव्याचं जेवण. मंडपवाला खुर्च्या टेम्पोत भरून निघून गेला की दुसऱ्या दिवसापासून एकच वाक्य कानावर येतं: "झालं ना सगळं नीट? आता सावरायला हवं."

बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण समज साफ चुकीचा आहे. मुळात परंपराच असं सांगत नाही. सुतक फिटतं तेव्हा शिवाशिवीचे नियम संपतात, शोक नाही. म्हणून तर मासिक श्राद्ध आहे, वर्षश्राद्ध आहे, पहिल्या सणाला नातेवाइकांनी घरी येण्याची रीत आहे. आपल्या आज्यांना जे ठाऊक होतं ते आपण तेरा दिवसांत गुंडाळायला निघालो आहोत.

वैद्यकशास्त्रही घाई करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात 'लांबलेला शोक' या विकाराचं निदान किमान सहा महिने उलटल्याशिवाय करता येत नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 2022 सालच्या नियमावलीत प्रौढांसाठी ही मुदत बारा महिने आहे. तज्ज्ञ वर्षभर थांबायला तयार आहेत आणि शेजारच्या काकूंना पंधरवडाही जास्त वाटतो!

आवणीच्या दिवसांत तर रडायलाही सवड नसते. नवरा गेलेली बाई खाचरात उतरते, रोपांच्या मुठी मोकळ्या करत लावत जाते, बायकांच्या बोलण्यावर एखादवेळी हसतेही. गाव म्हणतं, "बरं झालं, विसरली." संध्याकाळी फडताळात त्याचा डबा दिसतो आणि ती मटकन खाली बसते. मग तेच गाव म्हणतं, "पुन्हा सुरू झालं हिचं." पुन्हा सुरू झालेलं काहीच नसतं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी 1999 मध्ये मांडलं की शोकातला माणूस गेलेल्याची आठवण आणि पुढचा व्यवहार यांच्यात सतत ये-जा करतो. ही ये-जा म्हणजेच सावरणं.

शोकाच्या पाच ठरावीक पायऱ्या असतात, हा शिकलेल्यांचा गैरसमज. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचं 1969 सालचं पुस्तक मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांच्या मुलाखतींवर उभं होतं, मागे राहिलेल्या नातेवाइकांवर नव्हे.

रडला नाही म्हणजे दुःख नाही? काही जण रडत नाहीत, त्यांना बळजबरीने रडवू नये. पोरांना काय कळतं? कळतं, 'बाबा गावाला गेले' सांगितलं तर ती वाट पाहत राहतात. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हा शोकाचा भाग? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये या प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींपुढे तो आदर्श ठेवला. भरपाई जाहीर झाली की प्रश्न मिटला? 31 जुलै 2023 च्या रात्री शहापूर तालुक्यात सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचं गर्डर यंत्र कोसळून 20 जणांचा जीव गेला. त्यात परराज्यांतून आलेले कामगार होते. मदतीच्या रकमेने घर चालतं, गेलेल्याची जागा भरत नाही.

प्रत्येकाला डॉक्टर लागतो असंही नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2017 च्या संशोधनानुसार शोक विकाराइतका लांबतो तो दहापैकी साधारण एकाचा. बाकीचे माणसांच्या आधाराने उभे राहतात. तो आधार मात्र तेराव्यानंतर लागतो, नेमका गर्दी पांगल्यावर.

तेव्हा महिन्याने जा, चौथ्या महिन्यात जा. गेलेल्याचं नाव घ्या, ते टाळू नका. मृत्यूची नोंद 21 दिवसांत झाली का ते विचारा, वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे सोबत जा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कर्ता माणूस 18 ते 59 वयात गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे 20,000 रुपये मिळतात. तहसील कार्यालयातला तो अर्ज भरून द्या. आणि कुणी जेवण-झोप सोडली, जगण्यात अर्थ नाही असं बोललं, तर थांबू नका. 14416 हा टेली-मानसचा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.