तक्त्यांमागची माणसं

न्यायवैद्यक जनुकशास्त्राची गोष्ट लेस्टरपासून सुरू होते. १० सप्टेंबर १९८४ च्या सकाळी ॲलेक जेफ्रीज यांनी एक्स-रे फिल्मवर उमटलेले पट्टे पाहिले आणि माणसागणिक ते वेगळे असणार हे त्यांच्या लक्षात आलं. पुढच्याच वर्षी 'नेचर'मध्ये निबंध आले. जवळच्या नारबरो परिसरात झालेल्या दोन मुलींच्या खुनांच्या तपासात या तंत्राने आधी एका निर्दोष तरुणाला सोडवलं आणि मग खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क याला गाठलं. १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. हा भाग अनेकदा सांगून झाला आहे. या शास्त्रात गेली ४० वर्षं आणखी एका प्रकारचं लेखन सतत चालू राहिलं. ते म्हणजे अमुक लोकसमूहातल्या अमुक जणांचे नमुने तपासले आणि त्यांत कोणती खूण किती वेळा सापडली, हे सांगणारे दीड-दोन पानांचे तक्ते. ते कोणी आवडीने वाचत नाही. पण 'आरोपीचा डीएनए जुळला' या वाक्याला कोर्टात वजन येतं ते या तक्त्यांमुळेच.

ते कसं, ते पाहण्यासाठी एकच जागा घेऊ. अकराव्या गुणसूत्रावर 'टीएच०१' नावाचं एक स्थान आहे. तिथे एएटीजी ही चार अक्षरं एकापाठोपाठ पुन्हा पुन्हा येतात. कोणात सहा वेळा, कोणात नऊ वेळा. प्रत्येकाकडे असे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. यातला ९.३ हा आकडा, म्हणजे नऊ पूर्ण आवर्तनं आणि एक तीन अक्षरांचं अपुरं, युरोपीय लोकांत जवळपास तिसरा हिस्सा व्यापतो. चीन-जपानमध्ये तो शंभरात जेमतेम चार-पाच. तेव्हा ९.३ जुळला याला किती महत्त्व द्यायचं, हे कोणता तक्ता समोर ठेवला त्यावर ठरतं. समजा, दोन आकड्यांची वारंवारता ०.१ आणि ०.२ आहे. मग ती जोडी पंचवीस माणसांत एकाकडे सापडेल. अशा दहा जागा घेऊन गुणाकार केला तर उत्तर येतं सुमारे ९५ लाख कोटींत एक. हा आकडा ऐकून कोणीही गप्प बसेल. गुणाकार करण्यासाठी वापरलेले दहा आकडे कुठून आणले, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं.

१९८९ मध्ये ते विचारलं गेलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका खून खटल्यात आरोपीच्या घड्याळावरच्या रक्ताचा डीएनए पुरावा म्हणून आला. दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ कोर्टाबाहेर एकत्र बसले आणि हा पुरावा विश्वासार्ह नाही, असं संयुक्त निवेदन त्यांनी दिलं. एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या साक्षीदारांनी असं करावं, हा या शास्त्राच्या इतिहासातला मला सर्वांत सुंदर वाटणारा प्रसंग आहे. एरिक लँडर यांनी त्याच वर्षी 'नेचर'मध्ये प्रयोगशाळांच्या ढिसाळपणावर लिहिलं. डिसेंबर १९९१ मध्ये 'सायन्स'मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन आणि डॅनियल हार्टल यांनी दुसरा मुद्दा काढला: माणसं आपापल्या गटात लग्नं करतात, म्हणून साऱ्या देशाची सरासरी घेतली तर गुणाकार फसतो. त्याच अंकात रणजित चक्रवर्ती आणि केनेथ किड यांनी त्यांना उत्तर दिलं. चक्रवर्ती कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत शिकलेले. बेटीव्यवहार जातीबाहेर जात नाही तेव्हा काय होतं, हे त्यांना अमेरिकेत बसूनही कळत असणार. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे १९९२ आणि १९९६ चे दोन अहवाल या वादातून निघाले. दुसऱ्यात गटांतर्गत नात्यासाठी गणितात करायची दुरुस्ती आली. १९९४ मध्ये लँडर आणि एफबीआयचे ब्रूस बुडोल यांनी वाद मिटल्याचं जाहीर केलं.

वाद मिटला आणि तक्त्यांचा पूर आला. १९९५ मध्ये ब्रिटनने राष्ट्रीय डीएनए साठा उभारला, १९९७ मध्ये अमेरिकेने १३ स्थानं ठरवली, तयार किट बाजारात आले. आता ठरलेली स्थानं घ्यायची, नवा समाज निवडायचा आणि निबंध पाठवायचा, एवढंच काम उरलं. भारतात या विद्येचा पाया लालजी सिंग यांनी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत घातला होता. पट्टेरी मण्यारीच्या डीएनएवर काम करताना मिळालेला तुकडा त्यांनी माणसं ओळखण्यासाठी वापरला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस केरळमधला पितृत्वाचा दावा त्यातून सुटला. तक्त्यांचं काम नंतर कोलकात्याच्या केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून व्ही. के. कश्यप यांच्या गटाने मोठ्या प्रमाणावर केलं. २००२-०३ च्या सुमारास त्यांत महाराष्ट्रही आला: देशस्थ आणि चित्पावन ब्राह्मण, मराठा, धनगर, शिवाय पश्चिम भारतातले काही आदिवासी समाज, प्रत्येकाची १५ स्थानं. लेवॉन्टिन यांची शंका आपल्याकडे जितकी लागू पडते तितकी जगात फार थोड्या ठिकाणी पडत असेल. म्हणून हे काम गरजेचंच होतं.

पुरात गाळही येतो. हॅम्बुर्गचे गणिती हान्स-युर्गेन बांडेल्ट यांनी छापून आलेल्या मायटोकाँड्रियल, म्हणजे आईकडून येणाऱ्या, डीएनएच्या नोंदींचे वंशवृक्ष काढले, तेव्हा काही नोंदी कुठल्याच फांदीवर बसेनात. कुठे टंकताना स्तंभ सरकला होता, कुठे एका माणसाचा अर्धा भाग दुसऱ्याच्या अर्ध्याला जोडला गेला होता. जगात कधी अस्तित्वातच नसलेली माणसं शोधनिबंधांत नांदत होती. यातून इन्सब्रुकला वाल्थर पार्सन यांच्या गटाचा एम्पॉप हा तपासणीसह चालणारा साठा उभा राहिला. वाय गुणसूत्रासाठी बर्लिनला लुत्झ रोवर यांचा साठा होता. २००७ मध्ये 'फोरेन्सिक सायन्स इंटरनॅशनल : जेनेटिक्स' हे स्वतंत्र नियतकालिक निघालं आणि पुढच्या दशकात त्याने नियम कडक केले. नमुन्यांची माहिती आधी या साठ्यांत तपासून घ्या, नोंदणी क्रमांक आणा, मगच निबंध.

याच काळात बाकीचं बरंच काही झालं. स्पर्शातून राहिलेल्या पेशींचा डीएनए, मिश्र नमुन्यांसाठी संगणकीय गणित, डोळ्यांचा-केसांचा रंग सांगणाऱ्या चाचण्या. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात जुन्या खूनसत्राचा आरोपी दूरच्या नातेवाइकांनी हौसेने चढवलेल्या वंशावळ-माहितीतून पकडला गेला. प्रसिद्धी या शोधांना मिळाली. तक्त्यांमध्ये चुका किती, हे विचारलं गेलं होतं. नमुना देणाऱ्याला काय सांगितलं होतं, हे कोणी फारसं विचारत नव्हतं.

ते विचारणारा माणूस आला बेल्जियममधल्या ल्युवेन विद्यापीठातून. ईव्ह मोरो हे मुळात अभियंते. चीनच्या शिंजियांगमध्ये उइघुर लोकांचे नमुने पोलीस यंत्रणा सरसकट गोळा करत असल्याचं ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने २०१७ मध्ये समोर आणलं. त्या काळातल्या चिनी निबंधांच्या लेखकांत पोलीस दलाशी संबंधित माणसं होती, हे मोरो एकेका निबंधातून दाखवत गेले. २०१९ मध्ये त्यांनी 'नेचर'मध्ये यावर लिहिलं. यातली जोखीम अशी: वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं. त्यामुळे थोड्या पुरुषांचे नमुने घेतले तरी अख्ख्या भावकीवर नजर ठेवता येते. त्याच वर्षी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापलं की चिनी पोलीस-संशोधकांनी तुलनेसाठी वापरलेले नमुने १९९१ च्या वादातल्या त्याच केनेथ किड यांनी दिले होते; तिकडे संमती घेतली गेली असेल असं आपण धरून चाललो, असं त्यांनी सांगितलं. मला हे फार लागतं. आकड्यांच्या अचूकतेसाठी इतकं झटलेल्या पिढीने संमती मात्र गृहीत धरली.

मग निबंध मागे घेणं सुरू झालं. सुमारे ३८,००० चिनी पुरुषांच्या वाय गुणसूत्रांवरचा २०१७ चा निबंध 'ह्यूमन जेनेटिक्स'ने २०२१ च्या डिसेंबरमध्ये मागे घेतला. २०२४ मध्ये 'मॉलिक्युलर जेनेटिक्स अँड जिनॉमिक मेडिसिन'ने एकाच वेळी १८ निबंध काढून टाकले. ही संख्या मोठी वाटते, पण हजारो तक्त्यांच्या ढिगात ती नगण्य आहे. इतर देशांच्या जुन्या निबंधांकडे त्या नजरेने अजून फारसं पाहिलं गेलेलं दिसत नाही, आणि त्यांत आपलाही देश येतो.

आपल्याकडे डीएनए तंत्रज्ञानाचं विधेयक २०२३ मध्ये संसदेतून मागे घेतलं गेलं. त्याबरोबर नियामक मंडळाची तरतूदही गेली. २०२२ चा ओळखविषयक कायदा मात्र लागू आहे. पोलिसांनी घेतलेल्या जैविक नमुन्यांच्या नोंदी त्यानुसार ७५ वर्षं ठेवता येतात. १ जुलै २०२४ पासून सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञाने जाण्याची तरतूदही आली आहे. म्हणजे डीएनए पुरावा वाढणार, आणि कोर्टात समोरचा वकील कधीतरी विचारणार की आरोपी ज्या समाजातला आहे त्याचा तक्ता कुठे आहे. नवे तक्ते होतील, व्हायलाच हवेत. फक्त उद्या एखाद्या कातकरी वाडीवर नमुने घेतले गेले, तर संमतीचा कागद कोणत्या भाषेत होता, तो कोणी वाचून दाखवला आणि ही माहिती पोलिसांच्याही कामी येईल हे सांगितलं होतं की नाही, एवढं त्या निबंधात चार ओळींत छापलं जावं. आणि संमती मागे घ्यायची झाली तर त्या माणसाने कुठे जायचं, तेही.