टोरांटोत दूध पिशवीत, अमेरिकेत कॅनमध्ये, असे का?
पुण्याहून टोरांटोला मुलांकडे गेलेल्या आई-बाबांना दुकानात ओळखीची वस्तू दिसते: दुधाची पिशवी! ४ लिटरच्या मोठ्या पिशवीत १.३३ लिटरच्या ३ पिशव्या. शेजारच्या अमेरिकेत मात्र गॅलनचा प्लॅस्टिक कॅन.

कारण काय? १९७०च्या दशकात कॅनडाने लिटर, किलोमीटर, सेल्सिअस स्वीकारले. बाटल्या-खोकी नव्याने बनवण्यापेक्षा पिशवीचे माप बदलणे सोपे होते. अमेरिका गॅलनवरच राहिली.

फरक बोलण्यातही आहे. ‘धक्का आम्हाला लागला तरी सॉरी आम्हीच म्हणतो,’ असा विनोद कॅनेडियन स्वतःवरच करतात. ऑन्टारिओत तर २००९च्या कायद्यानुसार दिवाणी दाव्यात माफी म्हणजे चुकीची कबुली ठरत नाही.

थोडक्यात, कॅनडा म्हणजे छोटी अमेरिका नव्हे. पिशवीची सवय पुणेकरांना आहेच. सराव फक्त सॉरीचा करावा लागेल!