रडणाऱ्या मुलाचा चेहरा

डिसेंबर २०१७ मधील गोष्ट. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील एका आईने आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला शाळेतून घरी नेताना मोटारीत त्याची चित्रफीत काढली. जेवणाच्या सुट्टीत मुले आपल्या अंगावर दूध ओततात, कपड्यांत मांसाचे तुकडे कोंबतात, पाव फेकून मारतात, असे तो हुंदके देत सांगत होता; आणि लोक असे का वागतात, यातून त्यांना मिळते तरी काय, असे विचारीत होता. ही चित्रफीत दोन कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली. हॉलिवूडच्या एका नामांकित नटाने त्याला आपल्या आगामी चित्रपटाच्या पहिल्या खेळाचे आमंत्रण धाडले, मोठमोठ्या खेळाडूंनी त्याला आपला मित्र म्हणून जाहीर केले, आणि एका अपरिचित गृहस्थाने सुरू केलेल्या निधीत बघता बघता पंचावन्न हजारांहून अधिक डॉलर जमा झाले. पोरगे एका रात्रीत हरभऱ्याच्या झाडावर चढविले गेले. मग कोणीतरी त्याच्या आईची जुनी छायाचित्रे धुंडाळली. त्यांत अमेरिकेतील यादवी युद्धात गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या राज्यांचा ध्वज दिसला. झाले! आदल्या दिवशी ज्यांचे डोळे पाणावले होते त्यांतील पुष्कळांना आपण फसविले गेलो असे वाटू लागले. निधी गोठविण्यात आला, मुलाविषयी नाना वावड्या उठल्या, आणि कौतुकाचा पूर जितक्या वेगाने चढला होता तितक्याच वेगाने चिखल मागे ठेवून ओसरला. हे सारे एका आठवड्याच्या आत घडले.

त्या मुलाचे नाव आम्ही येथे मुद्दाम देत नाही. जगातल्या कोट्यवधी लोकांना ते ठाऊक आहे हे खरे. परंतु त्याला कोणी विचारून ते ठाऊक करून घेतलेले नाही.

ध्वजासंबंधी आमच्या मनात किंतु नाही. माणसांच्या खरेदीविक्रीचा हक्क राखण्यासाठी लढलेल्या सैन्याची ती निशाणी मिरविणे आम्हांस निंद्य वाटते, आणि त्या बाईंना कोणी त्याचा जाब विचारला असेल तर त्यात गैर काहीच नाही. पण दूध काही त्या ध्वजावर ओतले गेले नव्हते. ते अकरा वर्षांच्या मुलाच्या अंगावर ओतले गेले होते. आईचे मत वाईट ठरले म्हणून मुलाच्या अंगावरचे दूध वाळत नाही, ही साधी गोष्ट लक्षावधी सुशिक्षितांच्या ध्यानी येऊ नये, याचे आम्हांस नवल वाटते. किंबहुना नवल वाटूच नये. ज्या घाईने दया केली जाते, त्याच घाईने ती परत घेतली जाते. एका मिनिटाचे चित्र पाहून ज्याने मुलाला देवदूत ठरविले, त्याला एका छायाचित्रावरून त्याला लबाड ठरवायला कितीसा वेळ लागणार?

दुसरे प्रकरण ऑस्ट्रेलियातील. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिस्बेन शहरातील एका आईने आपल्या नऊ वर्षांच्या मुलाचे आक्रंदन लोकांपुढे मांडले. मुलाची शरीराची वाढ जन्मतःच खुंटलेली; शाळेत त्यावरून होणाऱ्या कुचेष्टेने तो इतका खचला होता की आपल्याला जगायचेच नाही असे म्हणत होता. तीनच दिवसांनी रग्बीच्या एका मोठ्या सामन्यात तेथील आदिवासी खेळाडूंच्या संघाचा हात धरून तो मैदानावर उतरला आणि प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्याला डिस्नेलँडला पाठविण्यासाठी अमेरिकेतील एका विनोदी नटाने दहा हजार डॉलर मागितले होते. जमले पावणेपाच लाखांच्या आसपास. आणि त्याच दिवसांत दुसरीकडे अशी आवई उठली होती की, हा मुलगा मुळी नऊ वर्षांचा नाहीच. तो अठरा वर्षांचा कसलेला नट असून हे सारे पैशासाठी रचलेले नाटक आहे. तो चार वर्षांचा असताना ऑस्ट्रेलियाच्या दूरचित्रवाणीवर झळकला होता, त्या चित्रणावरून वयाचा हिशेब कोणीही बोटांवर मांडू शकला असता. पण हिशेब मांडायला थांबतो कोण? एका वजनदार वृत्तपत्रीय स्तंभलेखिकेनेही हा संशय पसरविण्यास हातभार लावला. प्रकरण अब्रुनुकसानीच्या दाव्यापर्यंत गेले आणि त्याच वर्षी तिला जाहीर क्षमा मागावी लागली. त्या कुटुंबाने मात्र डिस्नेलँडची सहल नाकारली आणि जमलेला पैसा धर्मादाय संस्थांकडे जावा असे सांगितले. या साऱ्या गदारोळात आम्हांस शहाणपणाचे वाटलेले कृत्य एवढे एकच.

या दोन्ही प्रकरणांत जगाने पुष्कळांची नावे घेतली. नट झाले, खेळाडू झाले, आई झाली, ध्वज झाला, पैसा झाला. ज्या शाळेच्या भोजनगृहात दूध ओतले गेले तेथे त्या वेळी कोणते शिक्षक हजर होते, त्या टेबलाभोवती बसलेली इतर मुले काय करीत होती, दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी कोणी बोलले काय, हे विचारणारे फार थोडे निघाले. रस्त्यावर अपघात झाला म्हणजे बघ्यांची गर्दी जमते. प्रत्येकाला जखमी माणूस दिसायला हवा असतो. त्यासाठी तो वाकतो, पुढच्याच्या खांद्यावरून डोकावतो, हळहळतो, चालक प्यालेला होता की काय यावर वाद घालतो, आणि एवढ्यात जखमीला हवा मिळेनाशी होते. मोबाईलमुळे ही गर्दी पृथ्वीएवढी झाली आहे.

मातांना दोष देण्याची घाई आम्ही करणार नाही. शाळेच्या कचेरीत चार खेपा घातल्यावर जिला "मुलांचे असे चालायचेच" हे उत्तर ऐकून परतावे लागले असेल, तिने मोबाईलचा आश्रय केला तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार त्या कचेरीला तरी नाही. परंतु आईला दिसत नसलेली एक गोष्ट आहे. तिचा संताप आठ दिवसांत निवतो. मुलाचा रडवेला चेहरा मात्र पुढची पन्नास वर्षे कोणालाही केव्हाही पाहता येतो. ज्यांनी छळले त्यांच्याही हाती तो जातो. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील चौदा वर्षांच्या एका मुलाने एकदा शाळेच्या खोलीत एकट्यानेच काठी फिरवून एका लोकप्रिय चित्रपटातील योद्ध्याची नक्कल केली आणि ती स्वतःपुरती चित्रित करून ठेवली. २००३ मध्ये ती फीत वर्गबंधूंच्या हाती लागली आणि त्यांनी ती जगभर केली. हसणाऱ्या जगाला ती गंमत वाटली. मुलाला शाळा सोडावी लागली. आईवडिलांनी त्या वर्गबंधूंच्या पालकांवर लावलेला दावा २००६ मध्ये तडजोडीने मिटला. पुढे कायद्याचे शिक्षण घेतलेल्या त्या तरुणाने या विषयावर जाहीरपणे तोंड उघडले ते २०१३ मध्ये. मधल्या दहा वर्षांत जग ते सारे विसरून दुसऱ्या मुलांना हसू लागले होते.

हे परदेशातले प्रकार, आपल्याकडे असे नाही, असे म्हणून कोणी सुटका करून घेऊ नये. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका खासगी शाळेत सात वर्षांच्या मुलाला पाढे आले नाहीत म्हणून शिक्षिकेने वर्गातल्या इतर मुलांना एकेक करून त्याच्या थोबाडीत मारावयास लावले, आणि वर त्याच्या धर्मावरून शेरेबाजी केली. त्याचीही चित्रफीत झाली, आणि देशभर दोन तट पडले. एक तट मुलाच्या बाजूने म्हणून ती फीत पुढे धाडीत होता, दुसरा शिक्षिकेचा बचाव करीत होता. आणि मुलाचा मार खाणारा गाल दोघेही फिरवीत होते. बालहक्क आयोगाने ती पसरवू नका असे सांगितले. ऐकले कोणी? त्या मुलाच्या पदरी जे काही खरोखर पडले ते या कोलाहलातून पडले नाही. मुंबईच्या तुषार गांधी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने उत्तर प्रदेश सरकारला खडसावले, शिक्षणहक्क कायद्याची आठवण करून दिली, आणि मुलाचे समुपदेशन कसे व्हावे हे ठरविण्याचे काम मुंबईच्याच टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपविले. तारखा पडत राहिल्या, सरकार टाळाटाळ करीत राहिले, न्यायालय पुन्हा पुन्हा बजावीत राहिले. या कामात डोळ्यांत पाणी आणणारे काही नव्हते, म्हणून त्याची फीतही कोणी पुढे धाडली नाही.

आमच्या उमेदीची काही वर्षे फळ्यासमोर गेली आहेत. त्या काळात पाहिलेली एक गोष्ट सांगावीशी वाटते. वर्गात मुलाचा छळ करणारा सहसा एकच असतो, फार तर दोन. त्यांच्या भोवती हसणारे पाच-सहा असतात. उरलेले चाळीस वहीत डोके घालून बसतात. शिक्षकाचे लक्ष पहिल्या दोघांवर असते. छडीच्या काळात छडीही त्यांच्यावरच पडे. पण पाच-सहा जणांचे हसू बंद झाले की त्या दोघांचा उत्साह आपोआप मावळतो, आणि चाळिसांपैकी एकाने जरी मधल्या सुट्टीत त्या एकट्या मुलापाशी जाऊन आपला डबा उघडला तरी त्याचे अर्धे दुःख हलके होते.

हे केवळ एका माजी मास्तराचे अनुमान नव्हे. नॉर्वेमध्ये १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी, बहुधा सोबत्यांच्या छळाला कंटाळून, आपले जीवन संपविले. तो देश हादरला. पण तेथील सरकारने त्या मुलांची चित्रे मिरविली नाहीत. १९८३ मध्ये देशभरच्या शाळांसाठी मोहीम आखली, आणि मानसशास्त्रज्ञ दान ओल्वेयस यांनी बर्गन शहरातील ४२ शाळांत सुमारे अडीच हजार विद्यार्थ्यांवर आपली योजना राबविली. योजना ऐकून कोणी चकित व्हावे असे तीत काही नाही. मधल्या सुट्टीत मैदानावर मोठ्या माणसांचे लक्ष, प्रत्येक वर्गाचे स्वतःचे थोडके नियम, ठरावीक वेळी वर्गाची बैठक, आणि छळ उघडकीस आला की त्या मुलाशी व त्याच्या पालकांशी गंभीर बोलणे. दोन वर्षांत छळाचे प्रमाण निम्म्यावर आले. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातील क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी पुढे या हसणाऱ्या आणि गप्प बसणाऱ्या मुलांवरच सारी भिस्त ठेवून कार्यक्रम तयार केला. २००९ पासून तो त्या देशातील शाळांत चालू झाला.

आपल्याकडे उणीव कायद्यांची नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी केली आहे. गुन्ह्याला बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करणारे चित्र वा नाव छापणे हा बालन्याय कायदा, २०१५ च्या चौऱ्याहत्तराव्या कलमाप्रमाणे गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बदलापूरच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रत्येक शाळेत तक्रारपेटी हवी, सखी सावित्री समिती हवी, असे पुन्हा एकवार बजाविले. १०९८ या क्रमांकावर कोणतेही मूल दूरध्वनी करू शकते. पण आमच्या भाषेत रॅगिंगला अजून मराठी शब्द नाही, आणि शाळेतल्या छळाला आम्ही चिडविणे, खोड्या, गंमत अशी लाडकी नावे देतो. जाड्या, चष्मिश, काळ्या, तोतऱ्या. घरोघरी, भावंडांत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ही नावे आपण हसत हसत घेतो, आणि मूल रडले तर "एवढे काय मनाला लावून घ्यायचे" असे त्यालाच सांगतो. त्याच मुलाची चित्रफीत दूरदेशाहून आली असती तर आपण तिच्याखाली अश्रूंची चित्रे चिकटविली असती!

सुज्ञ पालकांस आमची विनंती आहे. मूल रडत घरी आले तर मोबाईल बाजूला ठेवून त्याच्यापाशी बसावे. नंतर तारीख, वार, ठिकाण घालून साध्या कागदावर तक्रार लिहावी, मुख्याध्यापकांना द्यावी आणि नकलेवर पोच घ्यावी. पोचेचा कागद कोणाच्या काळजाला हात घालीत नाही, पण तो शाळेच्या दप्तरात राहतो आणि शिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवता येतो. आणि जे मूल छळ करते त्याच्या पालकांनीही वकील शोधण्यापूर्वी आपल्या मुलाशी एकदा बोलून पाहावे. तेही मूलच आहे, आणि उद्या गर्दी त्याच्याही मागे लागू शकते.

या दैनिकापुरता आम्ही नियम केला आहे. कोणत्याही शाळेतील छळाची चित्रफीत आमच्या हाती आली तर तीतील मुलाचा चेहरा, मार खाणाऱ्याचा असो की मारणाऱ्याचा, आमच्या पानावर येणार नाही. आईवडिलांनी आग्रह केला तरी येणार नाही. वाचकांनी आम्हांस शाळेचे नाव, इयत्ता आणि तारीख तेवढी कळवावी. आमचा बातमीदार त्या शाळेत जाईल, आणि तक्रारपेटी कोणत्या भिंतीवर आहे, तिची किल्ली कोणाकडे असते व ती शेवटची केव्हा उघडली होती, हे मुख्याध्यापकांना विचारून येईल.