पाऊणपटीचा धडा

मांडव्याच्या धक्क्यावरून निरभ्र दिवशी समोर मुंबई दिसते. गेटवेहून बोट तासाभरात येते. २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोही येते. शिक्षणाच्या बाबतीत मात्र या जवळिकीने एक समज पक्का केला आहे. शिक्षकांचे प्रशिक्षण म्हणजे वरून ठरून आलेले सत्र आणि मुलांचे पूरक शिक्षण म्हणजे वर्षातून एकदा पलीकडच्या विज्ञान केंद्राची सहल. या दोन गोष्टी वेगळ्या काढल्यामुळेच दोन्ही दुबळ्या राहतात, असे मला वाटते.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. तास मोजता येतात. त्यांतून वर्गात काय उतरले, हे मोजणे अवघड. म्हणून एक जुना प्रयोग आठवावा. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मुंबईत १९७४ साली सुरू झाले. त्याच दशकात प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांमध्ये काम केले. मुलांचे कुठे अडते, याचा शोध शिक्षकांना सोबत घेऊन सुरू झाला. साधने अपुरी होतीच. पण पाठ्यपुस्तकातली मराठीही मुलांना अडवत होती. तोच आशय सोप्या मराठीत मांडल्यावर मुलांची विज्ञानातली कामगिरी सुधारते, हे केंद्राच्या अभ्यासातून दिसले. ‘मुलाला येत नाही’ याऐवजी ‘मुलाचे कुठे अडते’ असे विचारू लागणे, हेच शिक्षकाचे खरे प्रशिक्षण होय.

हा प्रश्न मांडव्यात विचारायचा, तर समुद्रापासून सुरुवात करता येईल. आपल्या किनाऱ्यावर भरतीचा एक जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा पाऊणपट करावा, तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पहाटे जेवढे वाजता, साधारण तेवढेच वाजता संध्याकाळी. कोळ्यांच्या घरातली मुले हे ऐकतच मोठी होतात. वर्गात मात्र तीच मुले पाऊण गुणिले आठ या गणिताला बिचकतात.

आता हाच हिशेब पुढे न्यावा. अमावास्या म्हणजे पंधरा; पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. पाऊण तास, म्हणजे पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी! समुद्र तर अशी उडी मारत नाही. मग चूक कुठे? चांद्रमासाच्या तीस तिथींत भरतीची वेळ चोवीस तास पुढे सरकते. म्हणजे एका तिथीला सरासरी ४८ मिनिटे. आपले पूर्वज ४५ धरत होते, कारण पाऊणकी तोंडपाठ होती. पंधरा तिथींत तीन-तीन मिनिटे साचून पाऊण तास होतो. पण ४८ हीसुद्धा सरासरीच. उधाणाच्या दिवसांत वेळ रोज कमी सरकते, भांगाच्या दिवसांत जास्त. त्यामुळे महिनाभर मोठ्या माणसाच्या सोबतीने धक्क्यावरच्या खुणेपाशी नोंदी केल्याशिवाय खरे उत्तर हाती येत नाही.

या नोंदींत अपूर्णांक आहेत, आलेख आहे, चंद्र आहे आणि घरच्या माणसांना विचारायचे प्रश्नही आहेत. शिक्षकालाही उत्तर आधीपासून ठाऊक नसते; मुलांबरोबर तोही शिकतो. केंद्रातल्या चार शाळांनी आपल्या वह्या शिक्षण परिषदेत शेजारी शेजारी ठेवल्या, कुठे नोंद चुकली यावर शिक्षकांनी चर्चा केली, तर त्या पन्नास तासांतले काही तास सार्थकी लागतील.

सहल जरूर न्यावी. पण घरातले ज्ञान शाळेत कधीच मोजले गेले नाही, तर मूल एवढेच शिकते की खरी विद्या पाण्यापलीकडे असते. मग ते बोटीत बसते आणि परत येत नाही.